हिवाळ्यातली गाणी आणि नाटकं हॉस्टेलवरच्या मुलांपर्यंत पोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती वाढायला लागतात, मग सवाई गंधर्व भीमसेन संगीत महोत्सवाच्या, म्हणजे आपल्या सवाईच्या, तारखा येतात, राज्य नाट्य स्पर्धेचं वेळापत्रक येतं, जानेवारीत वसंतोत्सव, मधेमधे कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ सकाळच्या मैफिली, फेब्रुवारीपर्यंत पुण्यात नुसती चंगळ असते. मी सदाशिव पेठेत राहते आणि घरातल्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने देते, बरीच वर्षं झाली. हे पत्र त्या मुलींसाठी आणि त्यांच्यासारख्या हॉस्टेलवर, कॉट बेसिसवर राहणाऱ्या सगळ्या मुलामुलींसाठी लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की हे शहर कॉलेजांच्या जिवावर चालतं, पेठांमधली अर्धी घरं, मेस, झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिका सगळं बाहेरगावच्या मुलांवर चालतं, पण थंडीतल्या ह्या सगळ्या कार्यक्रमांत तीच मुलं सगळ्यात कमी दिसतात. आणि त्यांना आवड नाही म्हणून असं होतं हे मला अजिबात मान्य नाही.

आवडीचं आधी सांगते, कारण आपल्याकडे पटकन बोललं जातं की आजकालच्या पोरांना मोबाइल सोडून काही नको. माझ्याकडे एक मुलगी होती परभणीकडची, तिला सवाईला चल म्हटलं तर म्हणाली, "काकू, मला कुठे कळतं शास्त्रीय, तिथे सगळे जाणकार असतात." आली शेवटी. भारतीय बैठकीत बसलो, तबल्याचं सोलो चालू होतं, आणि ही बरोब्बर समेवर मान टाकत होती. नंतर विचारलं तर म्हणे आमचे अण्णा भजनात पखवाज वाजवतात, लहानपणापासून रोज संध्याकाळी हेच ऐकलंय. म्हणजे कळत होतंच ना तिला! फक्त हे "तुमचं" आहे आणि आपलं नाही असं कुणीतरी तिच्या मनात घालून दिलेलं होतं. दुसरी एक गडचिरोली जिल्ह्यातली, तिच्या भागात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतरच सुरू होतात, वडसा म्हणजे त्या सगळ्या कंपन्यांचं केंद्र, रात्र रात्र नाटक चालतं आणि गावच्या गाव बघायला येतं. ह्या पोरीने आमच्या अख्ख्या बिल्डिंगपेक्षा जास्त नाटकं पाहिलेली होती, पण पुण्यात आल्यावर दोन वर्षांत एकही नाही. वेंगुर्ल्याची एक होती, तिच्याकडे थंडीत जत्रा आणि जत्रेत दशावतार. ह्या मुली नाटक-गाण्याच्या घरातूनच येतात हो, ते घर वेगळं असतं एवढंच.

मग अडतं कुठे? वेळ, पैसे आणि माहिती, बहुतेक वेळा ह्या तिन्ही गोष्टी एकदम अडवतात.

वेळेचं बघा. मी लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सवाई रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्रभर चालायची. शाल, मफलर, थर्मासमधे चहा, पहाटेपर्यंत बसायचं आणि उजाडताना चालत घरी. नंतर ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, आणि राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस तेवढी बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे आता दुपारी सुरू होऊन दहाला संपतं आणि शनिवारी बारापर्यंत. जुन्या लोकांना हळहळ वाटते, मलाही वाटते, उत्तररात्रीचे राग लाइव्ह ऐकायचं सुख गेलं ते गेलंच. पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहिलं तर हे बरंच झालंय असं मला वाटतं, कारण दुपारी चारला कॉलेज सुटल्यावर जाता येतं. अडचण परत यायची आहे. महोत्सव आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो, मुलं राहतात कर्वेनगरला, कात्रजला, आंबेगावला, वाघोलीला, आणि बऱ्याच मुलींच्या हॉस्टेलचं गेट नऊ-साडेनऊलाच बंद. दिवसातले सगळ्यात मोठे कलाकार तर शेवटीच बसतात! म्हणजे मुलगी चारला येणार, दोन कलाकार ऐकणार आणि ज्यांच्यासाठी आली ते स्टेजवर यायच्या आत उठून जाणार. मी पाहिलंय हे, हातात चपला घेऊन, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, मागे वळून बघत बघत जातात.

रेक्टर मंडळींना मी दोष देत नाहीये. माझ्याच घरात चार मुली असतात आणि दहाच्या पुढे एक जरी आली नसली तरी मला झोप येत नाही, आईबापांनी विश्वासाने ठेवलेल्या असतात. पण उपाय निघू शकतो. सवाईच्या पाच दिवसांपुरतं, किंवा निदान त्या शनिवारपुरतं, तिकीट दाखवलं तर लेट पास द्या, पाच-सहा जणींचा ग्रुप करून पाठवा, सोबत एखादी मॅडम किंवा सीनियर जाऊ दे. क्लासच्या ज्यादा तासाला परवानगी मिळते, कंपनीच्या इंटरव्ह्यूला मिळते, मग ह्याला का नको? आणि आता मेट्रो स्वारगेटपर्यंत आलीये, मुकुंदनगरहून चालत जाता येतं. पीएमपीची रातराणी काही मार्गांवर आहे, तशा महोत्सवाच्या दिवसांत कार्यक्रम संपल्यावर कोथरूड-कर्वेनगर आणि कात्रजच्या दिशेला दोन जादा बस मैदानाजवळून सोडल्या तर किती मुलींचा प्रश्न सुटेल. रात्री दहा-सव्वादहाला एकट्या मुलीने रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभं राहायचं म्हणजे तिच्या घरचे पुढच्या वेळी जाऊ देत नाहीत, साधी गोष्ट आहे.

आता पैसे. सवाईचं भारतीय बैठकीचं तिकीट खुर्चीच्या मानाने बरंच स्वस्त असतं हे आधी मुलांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं हजारोंचा मामला आहे. ते सांगायला हवं. शिवाय महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात षड्ज आणि अंतरंग असे कार्यक्रम असतात, मोठ्या कलाकारांवरच्या फिल्म आणि मुलाखती, आणि ते फुकट असतात. संगीतातलं काही माहीत नाही म्हणणाऱ्या मुलांनी तर तिथूनच सुरुवात करावी. आधी माणूस कळला की मग त्याचं गाणं ऐकायला बसताना परकं वाटत नाही.

नाटकाचं जास्त अवघड आहे. व्यावसायिक नाटकाचं पुढचं तिकीट आता चार-पाचशेच्या घरात गेलंय आणि माझ्याकडच्या मुलींचा महिन्याचा वरखर्चच हजार-दीड हजार असतो. निर्मात्यांचाही खर्च असतो हे मला कळतं, थिएटरचं भाडं, बस, सेट, लाइट, बॅकस्टेजची माणसं, कुणी हौसेने तिकीट वाढवत नाही. पण बालगंधर्व किंवा यशवंतराव नाट्यगृहात बुधवार-गुरुवारच्या प्रयोगाला मागच्या रांगा किती वेळा रिकाम्या असतात ते सगळ्यांना दिसतं. तिसरी घंटा व्हायच्या आधी जी तिकिटं उरलेली असतात ती कॉलेजचं आयकार्ड बघून शंभर-सव्वाशेला द्या ना. उरलेली खुर्ची तशीही त्या प्रयोगाला एक पैसा देणार नसते. मेट्रो विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलत देते, एसटीचा पास आहे, म्हणजे विद्यार्थी ओळखायची आणि सवलत द्यायची पद्धत ह्या शहराला नवी नाही. आणि जो मुलगा आज मागच्या रांगेत शंभर रुपयांत बसेल तो नोकरी लागल्यावर पुढच्या रांगेचं तिकीट काढेल, बायकोला घेऊन येईल, आईवडील गावाहून आले की त्यांना घेऊन येईल. आत्ता तो आलाच नाही तर पुढेही येणार नाही. आजच्या प्रयोगांना बघा, प्रेक्षागृहात डोकी किती पांढरी आहेत, त्यात माझंही आलं.

प्रयोगांच्या वेळांबद्दल पण लिहिते. साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ अशा आपल्याकडे ठरलेल्या वेळा. साडेनऊचा प्रयोग हॉस्टेलच्या मुलांना पूर्ण बाद, संपेपर्यंत बारा वाजून जातात. रविवारचा साडेबाराचा मात्र त्यांच्यासाठीच केल्यासारखा आहे, उजेडात जाऊन उजेडात परत. साडेपाचचा सुद्धा चालतो, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते त्यामुळे मुलं तशीही बाहेर खायला निघालेली असतात! नाटक कंपन्यांनी महिन्यातून एक रविवारचा साडेबाराचा प्रयोग विद्यार्थी दरात लावून बघावा. कॉलेजच्या कला मंडळांनी एकगठ्ठा बुकिंग करावं. फार तर दोन प्रयोग रिकामे जातील, तिसऱ्याला मुलं एकमेकांना सांगून आणतील.

आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो राज्य नाट्य स्पर्धेसाठी. नोव्हेंबर-डिसेंबरात प्राथमिक फेरी असते, पुणे केंद्राचे प्रयोग भरत नाट्य मंदिरात, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. साठीच्या पुढे गेलेली ही स्पर्धा आहे, हौशी मंडळी ऑफिस सांभाळून, पदरचे पैसे घालून दोन-दोन महिने तालमी करतात, तिकीट अगदी नाममात्र असतं, वडापावच्या पैशात दोन अंकी नाटक बघायला मिळतं. आणि हॉल अर्धा रिकामा! त्याच वेळी तिथून हाकेच्या अंतरावर अभ्यासिकांमधे शेकडो मुलं बसलेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, महिनोन्‌महिने खोली-अभ्यासिका-मेस एवढंच करणारी, ज्यांना आठवड्यातून दोन तास डोकं मोकळं करायची खरंच गरज आहे. त्यांना कुणी सांगतच नाही की कोपऱ्यावर नाटक चालू आहे. मी ओळखीच्या एका मुलाला सांगितलं होतं, तो म्हणाला, "काकू, मला वाटलं स्पर्धा म्हणजे फक्त परीक्षकांसाठी असते, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत." हे ऐकून मला वाईट वाटलं, म्हणून माहितीचा मुद्दा मी एवढा धरून ठेवलाय.

कुणी म्हणेल मुलं शिकायला आलीत, शिकू द्या, गाणी नाटकं नंतर आहेतच. त्यांना मी एवढंच विचारते की पुण्याची नाटकं केली कुणी? डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे, तिघंही बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी. डॉक्टरकी शिकता शिकता नाटकं केली आणि डॉक्टरही झालेच की. १६ डिसेंबर १९७२ ला, म्हणजे बघा ऐन थंडीतच, भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नाना फडणवीस आगाशे, आणि भोवतीची बरीचशी मंडळी तरुण पोरंच होती. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, तिथे एकांकिका केलेली किती मुलं पुढे रंगभूमीवर आणि सिनेमात नाव करून गेली ते तुमच्या वाचकांना मी काय सांगायचं. आणि ज्यांच्या नावाने सवाई भरते त्यांचं तर काय, भीमसेन जोशी गदगचे, पोरवयात गाण्यासाठी घर सोडून निघाले, ग्वाल्हेर-जालंधरपर्यंत भटकले आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहून शिकले. गुरू गेल्यावर १९५३ पासून त्यांनी पुण्यात हा उत्सव सुरू केला आणि आयुष्यभर स्वतः राबून चालवला. म्हणजे हा उत्सवच मुळात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या गुरूसाठी केलेला आहे! त्या मंडपात आज बाहेरगावचा विद्यार्थी गेटवरून परत जाऊ नये एवढी माझी इच्छा.

परीक्षांचं मात्र खरोखर काहीतरी करायला हवं. हिवाळी सत्राच्या परीक्षा नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, लांबल्या तर जानेवारी. सवाईच्या तारखा साधारण डिसेंबरच्या मध्याला असतात हे सगळ्या शहराला माहीत असतं, मग वेळापत्रक लावताना त्या शनिवार-रविवारला लागून असलेला सोमवार मोकळा ठेवता येणार नाही का? लाखो मुलांच्या परीक्षा घेणं सोपं नाही, मान्य, पण एक दिवस. गणपतीत आपण सगळं जुळवून घेतोच.

उलट बाजूने पुणेकरांनाही एक सांगायचंय. मुलं आपल्या कार्यक्रमांना येत नाहीत म्हणतो, पण आपण त्यांच्या कार्यक्रमांना कितीदा जातो? फेब्रुवारीच्या सुमाराला फिरोदिया करंडक ही कॉलेजांची स्पर्धा असते, त्यात नाटक, नाच, वाद्यं, चित्रकला, रांगोळी असं सगळं एकाच सादरीकरणात गुंफायचं असतं, आणि मुलं त्यासाठी कॉलेजच्या पार्किंगमधे, गच्चीवर, थंडीत कुडकुडत रात्री तालमी करतात. पुरुषोत्तमची महाअंतिम फेरी बहुतेक वेळा डिसेंबरच्या शेवटी असते, त्यात वेगवेगळ्या केंद्रांवरून निवडून आलेल्या एकांकिका असतात, म्हणजे पुण्याबाहेरची कॉलेजं काय करतायत ते पुण्यातच बघायला मिळतं. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातली मुलं वर्षभर काही ना काही करत असतात. तिथे प्रेक्षक म्हणजे फक्त त्या त्या कॉलेजची पोरं, "आवाज कुणाचा" ओरडणारी. ओरडू देत, त्यात मजाच आहे, पण बाकीच्या रांगांत चार शेजारीपाजारी, चार आजीआजोबा बसलेले दिसले तर मुलांना किती बरं वाटेल. मी माझ्याकडच्या मुलीच्या एकांकिकेला गेले होते, तिचे आईवडील एवढ्या लांबून येऊ शकत नव्हते. प्रयोगानंतर मेकअप न पुसताच धावत आली, "काकू, खरं सांगा कसं झालं." मी खरं सांगितलं, शेवट थोडा लांबलाय म्हणून, तर लगेच ग्रुपला बोलावून त्यावर चर्चा सुरू. अशी पोरं आहेत ही.

तुमच्याकडे मागणं एकच. पेपरात रोज "आजचे कार्यक्रम" म्हणून बारीक टायपात जे येतं त्यात व्याख्यानं, हळदीकुंकू, नेत्रतपासणी शिबिर सगळं एकत्र असतं आणि मुलं ते वाचत नाहीत. त्याऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर गुरुवारी एक चौकट द्या, त्या आठवड्यातलं गाणं आणि नाटक, आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा, तिकीट किती, विद्यार्थ्यांना सवलत आहे का, संपायची वेळ काय, आणि जवळचं मेट्रो स्टेशन किंवा बसस्टॉप कुठला. संपायची वेळ तर नक्कीच, कारण ती कुणीच छापत नाही आणि हॉस्टेलच्या मुलीला पहिल्यांदा तीच बघायची असते. मोफत कार्यक्रम वेगळ्या रंगात छापा. सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा छोट्या जागांवर होणारे प्रयोग सुद्धा घ्या, तिथे थोड्या लोकांत नाटक अगदी जवळून बघायला मिळतं आणि मोठ्या जाहिराती द्यायला त्या मंडळींकडे पैसे नसतात. चौकटीचा फोटो काढून मुलं व्हॉट्सअॅपला फिरवतील, पेपर विकत न घेणाऱ्यांपर्यंतही पोचेल, ह्याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आणि ज्या घरमालकिणी, मेसवाल्या काकू हे पत्र वाचत असतील त्यांनाही सांगते, आपल्याकडच्या मुलांना एकदा तरी सोबत घेऊन जा. पहिल्यांदा सोबत लागते. कुठल्या दाराने आत जायचं, चपला कुठे ठेवायच्या, मधे उठलं तर चालतं का, टाळ्या कधी वाजवायच्या, एवढ्या बारीक गोष्टींना मुलं घाबरतात. दुसऱ्यांदा ती आपली आपण जातात आणि तिसऱ्यांदा आपल्यासाठी जागा धरून ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

सवाईची तिकीटविक्री सुरू व्हायच्या आत हे पत्र छापलंत तर फार बरं होईल. भारतीय बैठकीची तिकिटं लवकर संपतात आणि मुलांचे घरून पैसे एक-दोन तारखेला येतात, त्यांना ठरवायला तेवढा वेळ मिळायला हवा.

आपली,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे